१२८ बाइटांची पाटी

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर तू विचारलंस, "कर्नलकडून एक स्ट्रिंग (अक्षरांची ओळ) वर आणायची, त्यात एवढं काय डोकं घालायचं?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहितो. तू ॲप्लिकेशनच्या बाजूचा माणूस. खाली कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, मी जे ठरवीन ते तुझ्यासारख्यांनाच वापरावं लागणार आहे, म्हणून तुझं मत मला हवंच आहे.

सुरुवात एका लॅपटॉपपासून झाली. हेडफोन चालत होता, माइक चालत होता, स्पीकर मात्र गप्प. ड्रायव्हर उठला होता, ॲम्प्लिफायर जागे होते, रजिस्टर बरोबर. चार दिवस मी सर्किटच्या बाजूला शोधत राहिलो आणि दोष निघाला एका ओळीत. अल्सामध्ये, म्हणजे लिनक्सच्या आवाजाच्या यंत्रणेत, कंट्रोल डिव्हाइसला साउंड कार्डाची माहिती विचारली की एक ठरावीक मापाचं स्ट्रक्चर (माहितीचा साचा) मिळतं: ओळखीसाठी १६ बाइट, ड्रायव्हरच्या नावाला १६, कार्डाच्या नावाला ३२, लांब नावाला ८०, मध्ये आणखी काही फील्ड, आणि शेवटी 'कंपोनंट्स' या फील्डला १२८. कार्डावर कोणकोणते कोडेक (आवाजाचं डिजिटलमध्ये आणि उलट रूपांतर करणाऱ्या चिप) आणि ॲम्प्लिफायर आहेत ते या शेवटच्या फील्डमध्ये स्पेस देऊन ओळीने लिहिलेलं असतं. वरची यूसीएमची (कुठल्या वापराला कार्ड कसं लावायचं ते सांगणाऱ्या फाइलींची) कॉन्फिगरेशन तेच वाचून ठरवते की कुठला स्पीकर, कुठला हेडसेट, कुठली फाइल लावायची. आपल्या लॅपटॉपवर स्पीकरची खूण त्या ओळीत बसलीच नव्हती.

हिशोब करून पाहा. एचडीए (इंटेलच्या हाय डेफिनिशन ऑडिओ) कोडेकची एक खूण म्हणजे 'एचडीए' आणि कोलन, मग आठ-आठ आकड्यांचे तीन हेक्स गट, मध्ये दोन स्वल्पविराम. एकूण ३० अक्षरं. अशा चार खुणा मधल्या स्पेससकट १२३ बाइटांत मावतात, पाचवीला जागा नाही. पूर्वी एका कार्डावर एक-दोन कोडेक असायचे, तेव्हा १२८ भरपूर होते. आता साउंडवायरवर (ऑडिओ चिप जोडणाऱ्या नव्या तारांवर) चार-चार ॲम्प्लिफायर, वेगळा हेडसेट कोडेक, वेगळा माइक, शिवाय एचडीएमआय. जागा संपली की नवी खूण जोडणारं फंक्शन एरर परत करतं आणि ती खूण बाहेरच राहते. यादी वाचणाऱ्याला मात्र ती पुरीच वाटते.

तू म्हणशील, फील्ड मोठं कर. करता येत नाही. आयऑक्टल म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलमधल्या डिव्हाइसला केलेली विचारणा. तिच्या ३२ बिटांच्या नंबरातच स्ट्रक्चरचं माप कोरलेलं असतं, त्यासाठी १४ बिट राखून ठेवलेत. कार्डाची माहिती मागणारा नंबर हेक्समध्ये ८१७८५५०१ आहे. यातलं १७८ म्हणजे दशमानात ३७६, आणि ते आख्खं स्ट्रक्चर बरोबर ३७६ बाइटांचंच आहे. एक बाइट वाढवला की नंबर बदलला आणि जुने सगळे प्रोग्रॅम अनोळखी झाले. चालणारा प्रोग्रॅम कर्नलने मोडायचा नाही, हा लिनक्समधला दंडक मला मनापासून पटतो. म्हणून जुना दरवाजा जसाच्या तसा ठेवायचा आणि शेजारी नवा काढायचा.

पण कसा? कीबोर्ड-माउससारख्या इनपुट डिव्हाइसचं नाव विचारताना बफरचं (उत्तरासाठी दिलेल्या जागेचं) माप नंबरातच जातं आणि नाव लांब असेल तर कर्नल ते कापून देतो. ही पद्धत मला नको. बफर काठोकाठ भरला की नाव नेमकं मावलं की कापलं गेलं, हे शेवटी शून्य बाइट आहे का ते तपासूनच कळतं, आणि कापलं असेल तर खरी लांबी कळत नाही. अल्साच्याच कंट्रोलच्या यादीत मोजणी आणि पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) आहे. आधी शून्य जागा देऊन संख्या विचारायची, मेमरी घ्यायची, पुन्हा विचारायचं. कल्पना उत्तम आहे, पण पॉइंटर ३२ बिटी प्रोग्रॅममध्ये चार बाइटांचा आणि ६४ बिटी कर्नलमध्ये आठांचा, त्यामुळे भाषांतराचा वेगळा कोड कायम सांभाळावा लागतो. एन्युमरेटेड कंट्रोलची (ज्यात ठरलेल्या पर्यायांतून एक निवडायचा असतो) पर्यायांची नावं तर एकेक करून विचारावी लागतात, प्रत्येकाला ६४ बाइट.

मला सगळ्यात आवडली ती टीएलव्हीची (प्रकार, लांबी, मजकूर अशी मांडणी) रीत. तूही व्हॉल्यूमचे डेसिबल तिथूनच वाचतोस. आधी कंट्रोलचा नंबर, मग लांबी, आणि त्यालाच चिकटून मजकूर. पॉइंटर नाही, म्हणून दोन्हीकडे मांडणी सारखीच. बफर अपुरा असला तर अर्धवट न देता सरळ एरर. मी हेच उचललंय: वरून लांबी शून्य आली तर लागणारी लांबी, शेवटचा शून्य बाइट धरून, लिहून परत करायची. लांबी पुरेशी असली तर पूर्ण ओळ द्यायची. कमी असली तर एरर, आणि सोबत खरी लांबी. दोन कॉलच्या मध्ये ओळ वाढू शकते, म्हणून दुसऱ्या वेळीही कर्नलने लॉक धरून नव्याने मोजायचं, आणि तुझ्या बाजूला लूप लागणार, म्हणजे एरर आला की नवी लांबी घेऊन पुन्हा विचारायचं. तो लूप टाळू नकोस, ही विनंती.

सुरक्षेच्या दोन गोष्टी पहिल्या मसुद्यात माझ्याकडून राहिल्या होत्या. युजरची लांबी एकदाच वाचायची. दोनदा वाचली तर मधल्या क्षणात त्याच प्रोग्रॅमचा दुसरा थ्रेड (समांतर चालणारा भाग) ती बदलू शकतो. आणि त्या आकड्याएवढी मेमरी कर्नलमध्ये कधी घ्यायची नाही, कारण कोणी चार अब्जही लिहील. आपल्याकडे जेवढी ओळ आहे तेवढीच कॉपी करायची.

राहिला प्रश्न जुन्या १२८ बाइटांचा, आणि इथेच माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. ओळ लांब असेल तर त्यात काय ठेवायचं? लहानपणी परीक्षेच्या फॉर्मवर एकेका अक्षराची चौकट असायची, आठवतंय? चौकटी संपल्या की तुझं आडनाव तिथेच तुटायचं आणि हॉल तिकिटावर तसंच छापून यायचं. इथे तसं झालं तर 'आरटी१३०८' या ॲम्प्लिफायरचं 'आरटी१३' होईल, आणि अक्षरं-मग-आकडे शोधणारी रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातला नमुना शोधणारा नियम) ते अस्सल नाव समजून उचलेल. नाव नसणं परवडलं, खोटं नाव नाही. म्हणून मी खूण मध्ये तोडणार नाही. पूर्ण मावतील तेवढ्याच खुणा ठेवायच्या आणि शेवटी स्पेस देऊन पुढे अजून आहे हे सांगणारं एक चिन्ह. त्या चिन्हाची जागाही आधीच राखून ठेवायची. ज्या प्रोग्रॅमला ते कळेल तो नव्या दरवाज्याने येईल. ज्याला कळणार नाही त्याचं आजच्यापेक्षा वाईट होणार नाही, असं मला वाटतं. पण एखादा प्रोग्रॅम सुट्या चिन्हाने अडखळेल का, हे तुला जास्त ठाऊक असणार.

एक काम कर. तुझ्या कपाटातला तो ३२ बिटी एआरएम बोर्ड काढ, आणि तुझे ३२ बिटी प्रोग्रॅम माझ्या ६४ बिटी कर्नलवरही चालवून बघ. पॅच (कोडमधला बदल) मेलने पाठवतोय. बफर एक बाइट कमी देऊन बघ, नेमका तेवढाच देऊन बघ, आणि दोन कॉलच्या मध्ये यूएसबी कार्ड काढून बघ. काय होतं ते जसंच्या तसं कळव.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच मित्र