वीस किलोंचा हिशेब: इंका वाटेवरच्या पोर्टर दादा-ताईंना आभाराचं पत्र

प्रिय दादांनो आणि ताईंनो,

पेरूतल्या इंका वाटेवर, पिस्काकुचोच्या 'किलोमीटर ८२' या सुरुवातीच्या ठिकाणापासून माचू पिचूच्या दारापर्यंत अनोळखी माणसांना चार दिवस सुखरूप नेणाऱ्या तुम्हा सगळ्यांना महाराष्ट्रातल्या ट्रेकरांचा मनापासून नमस्कार. तुमची बोली केचुआ, आमची मराठी आणि मध्ये दोन्हीकडचं मोडकंतोडकं स्पॅनिश. कॅम्पवर आभार मानायचे तर हात हातात घेऊन हसण्यापलीकडे फारसं काही जमत नाही. म्हणून हे उघड पत्र. ते मराठीत लिहिण्याचं कारण सरळ आहे. पुढच्या मोसमात ज्यांचं सामान तुमच्या पाठीवर असेल, त्यांच्यातले काही जण हे वाचणार आहेत. तुमचे खरे आभार त्यांच्या डफल बॅगेतून मानले जावेत, अशी इच्छा आहे.

या वाटेवर दिवसाला साधारण ५०० माणसांनाच सोडतात. त्यात पर्यटक जेमतेम २००, बाकी तुम्ही, तुमचे स्वयंपाकी आणि गाइड. म्हणजे चालणाऱ्यांपेक्षा चालवणारेच जास्त. खेचरांना ही वाट बंद आहे. दगडी पायऱ्या त्यांच्या खुरांनी उखडतात. त्यामुळे तंबू, गॅसचे सिलिंडर, जेवणाचं टेबल, स्टुलं, प्रेशर कुकर, चार दिवसांचं रेशन आणि परतीचा सगळा कचरा माणसाच्याच पाठीवरून जातो.

२००१ च्या पोर्टर कायद्याने तुमच्या ओझ्याला मर्यादा घातली: पुरुषांना २० किलो, स्त्रियांना १५. त्याआधी याच्या दुप्पट ओझी वाहिली जात होती. सुरुवातीच्या चौकीवर वजनकाट्यासमोर तुमची रांग लागते, पुढे वाय्याबांबा गावालाही काटा असतो. या २० किलोंत तुमचं स्वतःचं अंथरूण-पांघरूण आणि कपडे धरून चार-पाच किलो जातात. उरले १५. दोन ट्रेकरांचं सामान एका पाठीवर, म्हणून बहुतेक कंपन्या प्रत्येक ट्रेकरला सात किलो देतात, आणि इथेच आमच्या लोकांचा हिशेब चुकतो. सात किलो म्हणजे सात किलो कपडे नव्हेत. त्यात स्लीपिंग बॅग दीड-दोन किलोची, मॅट अर्धा-एक किलोची. हातात उरतात चार-साडेचार किलो. एक थर्मल जोड, एक डाउन जॅकेट, एक जादा पँट, दोन-तीन टी-शर्ट, मोजे, कॅम्पवर घालायच्या हलक्या चपला, एवढ्यात ते संपतात. चिवडा-लाडवांचे डबे, मोठी पॉवर बँक, कॅमेऱ्याच्या जादा लेन्स हे ज्याचं त्याने आपल्या सॅकमध्ये घ्यायचं. 'थोडं जास्त झालं तर बघू' असं तिथे चालत नाही. रोजच्या ५०० मध्ये पोर्टरही मोजलेले असतात, त्यामुळे ऐनवेळी जादा माणूस मिळणं अवघड. मग जास्तीचं सामान कुस्को शहरातल्या हॉटेलात राहतं, किंवा काट्यापुरतं इकडून तिकडे सरकवून पुढे पुन्हा तुमच्याच पाठीवर चढतं. हा दुसरा प्रकार कुठे दिसला तर पैसे देणाऱ्याने तिथेच विचारावं. त्याला ते विचारता येतं, तुम्हाला ते कठीण जातं.

तुमचा दिवस आमच्या आधी सुरू होतो. पहाटे तंबूच्या दाराशी कोकाच्या पानांचा गरम चहा येतो, पाठोपाठ तोंड धुवायला कोमट पाण्याचं घमेलं. दंव पडलेल्या गवतातून ते घमेलं न सांडता तंबूतंबूला फिरतं. ते पाणी गरम करायला गॅस लागतो आणि तो गॅसही कुणीतरी खिंड चढून आणलेला असतो. आम्ही निघाल्यावर तुम्ही अख्खा कॅम्प उचलता, गाठी मारता आणि तासाभरात आम्हाला मागे टाकून पुढच्या जेवणाच्या जागी तंबू उभा करता. मागून 'पोर्टर!' अशी हाक आली की प्रत्येकाने डोंगराच्या बाजूला, आत, सरकून उभं राहावं. दरीच्या बाजूला कधीच नाही. पाठीवरचं ओझं खांद्यापेक्षा रुंद असतं. वळणावर त्याचा धक्का लागला तर आत उभा असलेला भिंतीला टेकतो, बाहेर उभा असलेला खाली जातो. आणि तुम्हाला लय मोडून मध्येच थांबावं लागलं, तर भरल्या पाठीने पुन्हा वेग घ्यायला किती बळ लागतं ते पायऱ्यांवर चढलेल्या कुणालाही कळेल.

स्वयंपाकी दादांचे आभार वेगळे मानायला हवेत. चार हजार मीटरच्या आसपास पाणी ८६-८७ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात भात शिजायला फार वेळ लागतो, म्हणून तो कुकर तिथवर नेला जातो. त्या एवढ्याशा तंबूत किनवा या धान्याचं सूप, भाज्या, भात, बटाट्याचे दोन-तीन प्रकार आणि शेवटच्या रात्री ओव्हनशिवाय वाफवलेला केक होतो. आमच्या शाकाहारी मंडळींनी मात्र बुकिंगच्या वेळीच स्पष्ट लिहावं. नुसतं 'व्हेज' म्हटलं तर सुपात कोंबडीचा स्टॉक येऊ शकतो, त्यात कुणाची चूक नसते. अंडी चालतात का, मासे चालतात का, कांदा-लसूण-बटाटा नको का, हे सगळं कळवावं. सारं रेशन आधीच खरेदी होतं आणि वाय्याबांबानंतर वाटेत दुकान नाही. दुसऱ्या दिवशी खिंडीखाली 'मला हे चालत नाही' म्हणणं म्हणजे त्या माणसाला अशक्य काम सांगणं.

दुसरा दिवस. वाय्याबांबा साधारण ३००० मीटरवर, वार्मिवान्युस्काची खिंड ४२१५ वर. एका सकाळीत बाराशे मीटर चढ, आणि माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ ६० टक्के. कळसूबाई १६४६ मीटर. त्यामुळे सह्याद्रीत पाय कितीही तयार केले तरी उंचीची तयारी महाराष्ट्रात होत नाही. ती तिथेच जाऊन करावी लागते. लिमा समुद्रकाठी, कुस्को ३४०० मीटरवर आणि मध्ये सव्वा-दीड तासाचं विमान. पहिल्या रात्री कुस्कोत न राहता खाली ओयांतायतांबो किंवा उरुबांबाकडे, २८०० मीटरच्या आसपास झोपावं, मग कुस्कोत दोन रात्री काढाव्यात. उंचीच्या त्रासावरचं ॲसिटाझोलामाइड हे औषध घ्यायचं तर आधी डॉक्टरांना विचारून, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर ते सांगून.

हे इथे लिहायचं कारण, ज्याने ही तयारी केली नाही त्याची किंमत तुम्ही मोजता. डोकं ठणकतंय, उलटी होतेय, पाय लटपटतायत आणि तरी माणूस 'होईल बरं' म्हणत खिंड ओलांडतो. पलीकडे पाकायमायोचा कॅम्प ३६०० मीटरवर आहे. तिथून परत फिरायचं तर तीच खिंड पुन्हा चढावी लागते, पुढे जायचं तर अजून दोन खिंडी. म्हणून परतायचा निर्णय अलीकडे, युयुचापांपाच्या कुरणावर असतानाच घ्यायचा. तो लपवणारा आजारी माणूस शेवटी तुमच्यापैकी कुणाच्या तरी पाठीवरून वाय्याबांबाला उतरतो. आजवर अशा जितक्यांना तुम्ही खाली आणलं आहे, त्यांच्या घरच्यांच्या वतीनेही आभार.

तिसऱ्या दिवसाबद्दल किती लिहावं! रुंकुराकायची गोलसर वास्तू, मग जवळजवळ चार हजारांची दुसरी खिंड, कड्याच्या टोकावर बसलेलं आणि एकाच अरुंद जिन्याने गाठायचं सायाकमार्का, खडकातून काढलेला बोगदा, ढगांत बुडालेलं फुयुपातामार्का आणि तिथली एकाखाली एक पाण्याची कुंडं. इंका लोकांकडे चाकाची वाहतूक नव्हती. माणूस आणि लामा, एवढ्यावर त्यांनी अँडीजभर रस्त्यांचं जाळं टाकलं. २०१४ साली सहा देशांतून जाणारं ते जाळं जागतिक वारसा झालं. दगडांखालून पाणी काढून देणाऱ्या त्यांच्या मोऱ्या अजून काम करतात. म्हणूनच ट्रेकिंग पोलला रबरी टोपी लागते. लोखंडी टोकाने पायरीची कड झिजते. टोपी चिखलात निसटते, तेव्हा एक जोड जादा ठेवावा.

फुयुपातामार्कापासून विन्याय वायना या शेवटच्या कॅम्पपर्यंत मात्र गुडघ्यांची परीक्षा. जवळपास हजार मीटर उतार, बहुतेक सगळा पायऱ्यांचा, आणि मेघवनातल्या ओलाव्याने शेवाळलेला. निघण्यापूर्वी बुटांची नाडी घोट्याशी घट्ट करावी, नाहीतर पाय पुढे सरकतो, अंगठे बुटाच्या टोकावर आपटतात आणि संध्याकाळी नखं काळी पडतात. पाऊल तिरकं टाकावं, उडी मारू नये. याच पायऱ्यांवरून तुम्ही भरल्या पाठीने जवळजवळ धावत उतरता, तुमच्यातले काही टायरच्या रबराच्या चपला, म्हणजे ओजोता, घालून. ते पाहून कुणी 'यांना सवय असते' असं म्हटलं की वाईट वाटतं. सवयीने गुडघ्यातली कूर्चा झिजायची थांबत नाही.

रात्री जेवणाच्या तंबूत पत्त्यांचा डाव रंगतो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. अनेक गटांत तुम्ही झोपता तो तंबू हाच. आम्ही उठल्याशिवाय तुमची पथारी पडत नाही आणि पहाटे सगळ्यांत आधी तुम्हालाच उठायचं असतं. आठ-साडेआठला तंबू रिकामा करणं एवढं तर कुणालाही जमावं. कंपनी निवडतानाही किंमत विचारण्याआधी हे विचारावं: पोर्टरांना वेगळा तंबू आहे का, त्याला खाली तळ आहे का, मॅट मिळते का, विमा आहे का, तेच जेवण मिळतं का. उत्तर गोलमोल आलं तर पुढच्या कंपनीकडे जावं.

शेवटच्या दिवशी तीन-साडेतीनला उठवतात म्हणून बरीच कुरकुर होते. विन्याय वायनाची चौकी उघडते साडेपाचला, मग दोन तास आधी कशाला? कारण तुम्हाला कॅम्प आवरून खाली नदीकाठच्या रेल्वेकडे पळायचं असतं. पहाटेची गाडी चुकली तर घरी पोचायला उशीर होतो. आम्ही इंती पुंकूवरून, म्हणजे सूर्यद्वारातून, माचू पिचू बघतो तेव्हा तुम्ही ओझ्यासकट उतरत असता. म्हणून निरोप आदल्या संध्याकाळीच घ्यायचा. टिपही तेव्हाच, स्थानिक सोल चलनात, छोट्या नोटांत, प्रत्येकाच्या हातात. वाटेत एटीएम नाही, तेव्हा रक्कम कुस्कोत ठरवून सुटे करून ठेवावेत. फाटलेल्या किंवा शाईचा डाग असलेल्या डॉलरच्या नोटा पेरूत कुणी घेत नाही. अशी नोट तुमच्या हातात देणं म्हणजे काहीच न देणं.

२४ जुलै १९११ ला अमेरिकी संशोधक हायरम बिंगहॅम माचू पिचूला पोचले, हे पुस्तकांत असतं. त्यांना नदीपलीकडून वर नेलं ते मेल्चोर आर्तेआगा या शेतकऱ्याने, एका सोलच्या मोबदल्यात, आणि वर गेल्यावर अवशेषांतून फिरवलं ते तिथेच शेती करणाऱ्या कुटुंबातल्या एका मुलाने. तुमच्या आभारांत त्या दोघांचेही आभार आलेच.

आता निघणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी, म्हणजे चौकीवर तुम्हाला त्यांच्यासाठी ताटकळावं लागणार नाही. परवान्यावरचा पासपोर्ट क्रमांक आणि हातातला मूळ पासपोर्ट जुळला पाहिजे. मध्ये पासपोर्ट बदलला असेल तर कंपनीला लगेच कळवावं आणि जुनाही सोबत ठेवावा. परवाना दुसऱ्याच्या नावावर होत नाही. मे ते ऑगस्टच्या तारखा कित्येक महिने आधी भरतात. फेब्रुवारीत पावसामुळे आणि डागडुजीसाठी वाट बंद असते. पेरूहून भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं आणि ते लस घेतल्यावर दहा दिवसांनी वैध होतं. खिंडीवर तुम्ही प्रेमाने दिलेली कोकाची पानं तिथेच चघळून संपवावीत. भारतात ती आणणं १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने गुन्हा आहे.

तुमच्या शेतातल्या बटाट्यांना यंदा चांगला पाऊस मिळो, आणि मोसमभर तुमचा काटा विसाच्या आतच राहो.

तुमचे ऋणी,
सह्याद्रीतले काही ट्रेकर