विन्या, आपलं ते ८०८५ चं किट आठवतंय का

प्रिय विन्या,

सध्या काय चाललंय विचारणारा तुझा मेसेज बघितला पण हे फोनवर टाईप करून सांगून होणार नाही म्हणून सरळ पत्रच लिहायला बसलोय. डिप्लोमाच्या सेकंड इयरला आपण दोघं एका बाकावर ८०८५ मायक्रोप्रोसेसरचं शिकायचं किट घेऊन बसायचो, वहीत एमव्हीआय ए, म्हणजे ए या घरात आकडा भर, असं लिहायचं, शेजारी तक्त्यात बघून त्याचा हेक्स (सोळाच्या पायातला) आकडा ३ई लिहायचं, मग कीपॅडवर एकेक बाईट दाबत मेमरीत २००० या पत्त्यापासून पुढे भरत जायचं. आणि लूपच्या आधीची एखादी इन्स्ट्रक्शन राहिली असं लक्षात आलं की संपलंच, खालचं सगळं सरकवा आणि जेएनझेडचा, म्हणजे लूपच्या सुरुवातीला परत उडी मारणाऱ्या हुकमाचा, पत्ता पण बदला, सी२ ०५ २० चं सी२ ०६ २०, तोही उलटा, आधी खालचा बाईट मग वरचा.

तर झालं असं की भाच्याने विचारलं, मामा, आपण लिहिलेलं कंप्युटरला कळतं म्हणजे नक्की काय होतं? पायथॉन छान लिहितो तो, पण खाली काय चालतं ते त्याने कधी बघितलेलंच नाही. आता त्याला किट कुठून दाखवणार, म्हणून लॅपटॉपवर एलसी-३ घेतलं. येल पॅट आणि संजय पटेल या प्राध्यापकांनी मुलांना शिकवायला म्हणून आखलेलं छोटं मशीन आहे हे, आपण चालवतो ते सॉफ्टवेअरमधेच. १६ बिटांचे ६५,५३६ शब्द मेमरी, आठ रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरमधली आकडे ठेवायची घरं, आणि ओपकोड, म्हणजे काय करायचं ते सांगणारा भाग, चार बिटांचा म्हणजे सोळाच, त्यातलाही एक मोकळा ठेवलाय. वजाबाकी नाही! नॉट करायचं म्हणजे सगळे बिट उलटे, एक मिळवायचा, मग बेरीज.

साध्या टेक्स्ट फाईलमधे लिहायचं, टर्मिनलवर एलसी३एएस, म्हणजे लिहिलेल्याचे आकडे बनवणारं असेंबलर, आणि पुढे फाईलचं नाव, एंटर. ते दोन पास करतं, पहिल्यात नुसती लेबलं, म्हणजे ओळींना दिलेली नावं, गोळा करून कोणतं लेबल कोणत्या पत्त्यावर पडलं त्याची यादी बनवतं आणि दुसऱ्यात खरे आकडे भरतं. विन्या, ती यादी वेगळ्या फाईलमधे मिळते, उघडून बघितली आणि मला आपली वहीच दिसली रे, समासात पेन्सिलने पत्ते लिहिलेली. आता मधे दहा ओळी घुसवल्या तरी परत तीच कमांड मारायची, पत्ते ते बघून घेतं.

पहिला प्रोग्राम तीन इन्स्ट्रक्शनचा, रोमन अक्षरात राम राम छापायचा. बनलेली फाईल हेक्समधे उघडून भाच्याला दाखवली: ३०००, ई००२, एफ०२२, एफ०२५ आणि मग ००५२ पासून अक्षरं. ३००० म्हणजे कुठे लोड करायचं तो पत्ता, एफ०२२ म्हणजे छाप, एफ०२५ म्हणजे थांब. ई००२ म्हणजे दोन घरं पुढचा, अक्षरांचा पत्ता घे, तिथे तो अडला, अक्षरं तर तीन घरं पुढे आहेत मग दोन का? कारण इन्स्ट्रक्शन चालते तोवर प्रोग्राम काउंटर, म्हणजे पुढची इन्स्ट्रक्शन कुठे आहे ते धरून ठेवणारा आकडा, आधीच एक घर पुढे गेलेला असतो. त्याने कागदावर घरं काढून मोजली तेव्हा पटलं त्याला.

खरी गोष्ट तर पुढे आहे. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः लिहिलं आणि शेवटचा हॉल्ट, तोच एफ०२५, विसरला. राम राम छापून झालं पण जिथे थांबायला हवं तिथे मशीन थांबलंच नाही, म्हणून आम्ही एकेक स्टेप करत बघितलं तर ते अक्षरांवरूनच चालत निघालं होतं, आठ घरं, मधली मोकळी जागा धरून सात अक्षरं आणि शेवटचा शून्य, आणि एकाही रजिस्टरमधे काही बदल नाही! मी बराच वेळ बघत बसलो आणि मग वहीत बिट मांडले. अक्षराचा आकडा खालच्या आठ बिटांत मावतो, वरचे आठ शून्य. वरचे चार शून्य म्हणजे ओपकोड ब्रँचचा, म्हणजे उडीचा, पुढचे तीन शून्य म्हणजे उडी मारायची एकही अट नाही, म्हणजे कधीच न मारायची उडी. अख्खं राम राम म्हणजे मशीनसाठी आठ वेळा काहीच न करणं.

मग राहवेना. हेक्समधे १०२१ म्हणजे आर झिरो या रजिस्टरमधे एक मिळवा, आणि हाच आकडा साधा वाचला तर ४१२९. इन्स्ट्रक्शनच्या जागी मी नुसतं फिल ४१२९, म्हणजे या घरात हा आकडा ठेव, असं लिहिलं, असेंबलरने मुकाट्याने घेतलं, आणि स्टेप केल्यावर आर झिरो एकने वाढला. भाचा खुर्चीतून उठलाच. मामा, म्हणजे हा डेटा आहे का प्रोग्राम हे त्या आकड्यात लिहिलेलंच नाहीये? नाहीच लिहिलेलं! काउंटर तिथे पोचला तर हुकूम, लोडने उचललं तर संख्या. किटवर आपण ७६, म्हणजे थांब, विसरलो की प्रोग्राम भरकटायचा, सर म्हणायचे एचएलटी टाका, आपण टाकायचो, पण भरकटतो म्हणजे कुठे जातो हे ना आपण विचारलं ना कुणी सांगितलं. इतक्या वर्षांनी ते डोळ्यांनी बघितलं आणि तू शेजारी असायला हवा होतास असं फार वाटलं.

फाईल मेलवर पाठवतोय. लोड, म्हणजे मेमरीतून आकडा उचलणारी इन्स्ट्रक्शन, वापरताना डेटा लांब ठेवू नकोस, अंतरासाठी नऊच बिट आहेत, काउंटरपासून मागे २५६ आणि पुढे २५५ घरं एवढीच पोच, त्याच्या बाहेर गेलं की असेंबलर एरर देतं. दिवाळीला सांगलीला येशील तेव्हा आपण तिघं बसून गुणाकार लिहू, बेरजेच्या लूपने. आणि तुझ्याकडे तो ओपकोडचा तक्ता, झेरॉक्स काढून पुठ्ठ्यावर चिकटवलेला, अजून असेल तर नक्की घेऊन ये, भाच्याला बघायचाय.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
पक्या