अलॉयवरचा काळा थर काढायला शिकवणाऱ्या वॉशिंग सेंटरवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये येऊन तुम्ही अलॉय (अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची) चाकं कशी साफ करायची ते सगळ्यांना हाताला धरून शिकवलंत आणि पैशाचं नावही काढू दिलं नाहीत. पोटापाण्याच्या धंद्यातली माहिती अशी मोकळ्या मनाने कोण देतं? म्हणून मनापासून आभार, आणि तेही चारचौघांत. सिंहगड रोडवरच्या इतर सोसायट्यांनाही उपयोग व्हावा म्हणून तुम्ही सांगितलेलं इथे लिहून ठेवत आहोत.

तुमची सगळ्यात मोलाची शिकवण म्हणजे घासायच्या आधी मळ ओळखायचा. बोट फिरवल्यावर खरखरीत लागणारे तांबूस-तपकिरी ठिपके म्हणजे ब्रेकची भुकटी. पॅड आणि बिडाची डिस्क घासून तिचे तापलेले कण उडतात, चाकाच्या लॅकरवर, म्हणजे वरच्या पारदर्शक थरावर, चिकटतात आणि ओल लागली की तिथेच गंजतात. ब्रेकचा जास्त भार पुढच्या चाकांवर येतो, म्हणून तीच आधी काळी पडतात. खंबाटकी किंवा खंडाळ्याचा घाट खालच्या गिअरमध्ये न उतरता नुसत्या ब्रेकवर उतरला, तर विचारायलाच नको. काळे, चकचकीत, गोल ठिपके डांबराचे. पांढरी वर्तुळं बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याची. तिघांचं औषध वेगळं, आणि एकाचं दुसऱ्याला चालत नाही.

चाक हात लावून गार आहे ना ते बघायचं, गाडी सावलीत घ्यायची आणि एका वेळी एकच चाक धरायचं. आधी पाण्याचा जोरदार फवारा मारायचा, नाहीतर सुटी माती ब्रशखाली सापडून ओरखडे पाडते. मग 10 लिटरच्या बादलीत 25 ते 30 मिली कार शाम्पू. चाकांची बादली आणि फडकी बॉडीला कधीच लावायची नाहीत, कारण त्यातले लोखंडी कण थेट रंगावर रेघा ओढतात. स्पोकसाठी मऊ ब्रश, नटांच्या खोबणीसाठी रंगाऱ्याचा एक इंची ब्रश.

एवढं करूनही ब्रेकची जी भुकटी उरते तिला आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडी कण सोडवणारं द्रावण. हातात मोजे घालून एका चाकाला साधारण 50 मिली फवारायचं. लोखंडाशी गाठ पडली की ते जांभळं होऊन ओघळायला लागतं. पार्किंगमध्ये सगळे पुढे वाकून बघत होते ते याच क्षणी! वास कुजक्या अंड्यासारखा येतो, तेव्हा जागा मोकळ्या हवेची हवी. 3 ते 5 मिनिटं थांबून ब्रशने हलवायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. वाळू मात्र द्यायचं नाही. वाळलं की त्याचेच डाग बसतात. जुना थर एका हातात निघत नाही. दुसरा हात द्यावा, जोर वाढवू नये.

डांबरासाठी चाक आधी कोरडं करायचं, कारण ओल असली की टार रिमूव्हर डागापर्यंत पोचतच नाही. फडक्यावर घेऊन डागावर मिनिटभर धरायचं, मग हलकं पुसायचं. रॉकेलनेही डांबर सुटतं, पण तेलकट थर मागे राहतो. तो शाम्पूने धुवावाच लागतो, आणि डिस्कवर थेंबही जाता कामा नये. पांढऱ्या वर्तुळांना निम्मं पाणी घातलेलं व्हिनेगर. मिनिटभर ठेवून लगेच धुवायचं.

तुम्ही कळकळीने बजावलंत ते संडास धुवायच्या अ‍ॅसिडबद्दल. चाक क्षणात उजळतं, म्हणून पुष्कळजण वापरतात. पण ते लॅकर खातं, खालच्या अ‍ॅल्युमिनियमला लागतं आणि नट-डिस्क गंजवतं. कॉस्टिक आणि तारेची घासणीही तितकीच वाईट. फुटपाथला घासलेल्या कडेपासून लॅकरखाली पांढऱ्या रेघा सरकलेल्या दिसल्या, तर तो मळ नव्हे, धातूच खराब होतोय. तिथे घासून काही होत नाही, चाक रंगवून घ्यावं लागतं.

चाकाच्या आतल्या बाजूकडे तर कोणी बघतच नाही. पावसाळ्यात तिथे चिखल साचून वाळला की 80-90च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि माणूस थेट व्हील बॅलन्सिंगला पळतो. आधी आतून धुऊन बघा, हा तुमचा सल्ला पैसे वाचवणारा आहे. धुताना प्रेशर गन टायरच्या बाजूपासून फूटभर लांब धरायची. धुवायला चाक उतरवलंच, तर गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता घोड्यावर (जॅक स्टँडवर) घ्यायची. परत बसवताना नट समोरासमोरचे आवळायचे, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने, म्हणजे तेवढ्याच पिळाने, आणि 50 ते 100 किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासायचे.

शेवटी मायक्रोफायबरने लगेच कोरडं करून व्हील वॅक्सचा पातळ हात. मग पुढच्या वेळी बरीचशी भुकटी नुसत्या शाम्पूने सुटते. आणि गाडी लगेच उभी करून ठेवायची नाही. आवारातच हळू चालवून चार-पाचदा ब्रेक दाबायचा, म्हणजे डिस्क कोरडी होते.

काका, दिवाळीच्या आधी पुन्हा एकदा याल का? पलीकडच्या विंगचे लोक मागे लागले आहेत. बादल्या, ब्रश आणि चहा आमच्याकडे.

तुमचे,
पार्किंगमधले आम्ही सगळे
सिंहगड रोड, पुणे