डावीकडून तिसरीचं नाव

चि. लेकीस,
सप्रेम सलाम आणि पुष्कळ आशीर्वाद.

नाव लिहू नका म्हणून तू बजावलंस, म्हणून लिहीत नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. शाळेत तू माझ्या वर्गात होतीस. आज आमच्या चर्चच्या पंचमंडळाची (कारभार पाहणाऱ्या समितीची) चिटणीस म्हणून वेबसाइट आणि सूचना कशा सांभाळायच्या ते मी तुझ्याकडून शिकले.

तू पहिल्या गुरुवारी कोल्हापूरच्या राजारामपुरीतून ऑफिस सुटल्यावर आलीस, तेव्हा आमच्या वेबसाइटवर दोन वर्षांपूर्वीच्या हंगामाच्या सणाची सूचना होती. ज्यांनी साइट करून दिली त्यांच्याकडून पासवर्ड घ्यायचा राहिला होता. फेसबुकचं पान तरुण संघातल्या एका मुलाच्या खात्यावर होतं आणि तो नोकरीला पुण्याला गेला होता. मला वाटलं, तू लगेच कॉम्प्युटर उघडशील. तू विचारलंस, "बाई, रविवारी भक्ती सुटल्यावर माणसं कुठं बोलत थांबतात?" मी म्हटलं, चिंचेखाली. "आणि आठवडाभर?" व्हॉट्सॲपवर. "मग सूचना तिथं पोचली पाहिजे, आणि साइटवर राहिली पाहिजे." पुढचं सगळं काम या एका वाक्यातून निघालं.

आधी साइटवर घालायला मजकूर हवा होता. आमच्या रविवारच्या पत्रिका वर्षानुवर्षं जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या. साइटवर चिकटवल्या की नुसती चिन्हं दिसायची. तू त्या युनिकोडमध्ये आणल्यास, तरी रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसलेले आणि ‘ख्रिस्त’ शब्द मधूनच तुटलेला. दोन गुरुवार तू मोठ्यानं वाचत होतीस आणि मी दुरुस्त्या सांगत होते. ‘प्रभुभोजन’ आल्यावर तू थांबलीस, त्याचा अर्थ विचारलास, पाळकसाहेबांनी सांगितलेलं नीट ऐकून घेतलंस आणि मगच मथळा लिहिलास. आमच्या मंडळीबाहेरच्या कुणी आमच्या शब्दांना इतकं जपलेलं मी पाहिलं नव्हतं.

मग लिंकचं काम. ग्रुपवर साइटची लिंक टाकली की खाली नुसता पत्ता दिसायचा, आणि तो कुणी उघडत नसे. प्रत्येक पानाला आपलं चित्र, मथळा आणि दोन ओळी लावून ठेवायच्या असतात, व्हॉट्सॲप आणि फेसबुक तेच उचलून दाखवतात, हे तू समजावलंस. नाताळच्या कार्यक्रमाचं चित्र बदललं तरी फेसबुक जुनंच दाखवत होतं, तेव्हा त्यांच्या शेअरिंग डीबगरमध्ये पत्ता टाकून पान पुन्हा वाचायला कसं लावायचं तेही दाखवलंस. आता दर शनिवारी संध्याकाळी वेळ, वचन आणि गीतांचे क्रमांक असलेली एकच लिंक ग्रुपवर जाते. आजारपणामुळे घरी असलेल्या आजी त्यावरून गीताचं पुस्तक आधीच काढून ठेवतात.

यूट्यूबवर मोबाइलवरून थेट प्रक्षेपण करायला किमान 50 सबस्क्राईबर लागतात, हे कळल्यावर महिला मंडळानं एका बैठकीत एकमेकींच्या फोनवर ते बटण दाबून घेतलं. पहिल्यांदा लाईव्ह सुरू करून घ्यायला 24 तास लागू शकतात, म्हणून तू शुक्रवारीच तयारी करून ठेवलीस. गाण्यांचंही तू पाहिलंस. नारायण वामन टिळक 1919 साली गेले आणि आपल्या कायद्यात कवीच्या निधनानंतर 60 वर्षांनी हक्क संपतो, म्हणून त्यांची भजनं आपल्या गायक मंडळानं गायला अडचण नाही. पण बाजारातलं तयार रेकॉर्डिंग लावलं तर हरकत येऊ शकते. तेव्हापासून पेटी आणि तबला आमचाच.

सर्वांत मोठा उपकार पावसाळ्यातला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 फुटांवर धोका. केर्लीपाशी रस्त्यावर पाणी आलं की पन्हाळ्याकडची आमची कुटुंबं अडकतात. त्या शनिवारी "उद्याची उपासना रद्द" असा मेसेज फिरू लागला. तो आदल्या वर्षीचा होता, कुणीतरी चिंतेपोटी पुन्हा पाठवलेला. तू फोनवर सांगितलंस की त्याच्यावर वाद घालत बसू नका, साइटच्या पहिल्या पानावर आजची तारीख आणि वेळ घालून निर्णय लिहा आणि तीच लिंक सगळ्या ग्रुपवर टाका. उपासना झाली, पुराच्या बाजूच्या लोकांनी घरून पाहिली. आता आमच्या प्रत्येक सूचनेत तारीख असते आणि शेवटचा शब्द साइटचा असतो.

एक गोष्ट मला बोचून गेली, तीही लिहिते. आजाऱ्यांची नावं, दवाखाना, आजार सगळं मी ग्रुपवर घालत असे. प्रार्थना व्हावी एवढाच हेतू. तू हळूच विचारलंस, "त्यांना विचारलंय का बाई?" विचारलं नव्हतं. आता प्रार्थनेची विनंती साइटवरच्या फॉर्मवरून पाळकसाहेब आणि दोन बायका एवढ्यांनाच पोचते. शब्बाथ शाळेच्या, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या, मुलांचे फोटोही आईवडिलांनी हो म्हटल्याशिवाय कुठं जात नाहीत.

आणि तो फोटो. कपाटात सापडलेला गायक मंडळाचा, चर्चच्या पायऱ्यांवर उभ्या बारा जणी आणि पुढं पेटी. निवेदनं टाकून माणसं बोलत नाहीत, काहीतरी विचारा, असं तुझं म्हणणं. फेसबुकवर तो टाकून आम्ही "या कोण?" एवढंच लिहिलं. तोवर आमच्या पानावर हात जोडलेली चित्रं सोडून कुणी काही लिहीत नसे. त्या रात्री इचलकरंजीहून, पुण्याहून, आखातातून उत्तरं आली. एकीनं तिथं आपली आई ओळखली. तिच्याकडं आईचा तरुणपणीचा एकही फोटो नव्हता. तू म्हणालीस, फेसबुकवर हे चार दिवसांत खाली जाईल, आणि साइटवर त्या फोटोचं कायमचं पान केलंस. प्रत्येक चेहऱ्याखाली नाव. अकरा नावं भरली आणि मागच्या रांगेत डावीकडून तिसरी तेवढी रिकामी राहिली.

पासवर्ड आता पंचमंडळाच्या रजिस्टरमध्ये पाकिटात आहेत आणि पानाचे हक्क तिघांकडे. हे तू गेल्या महिन्यात बंगलोरला जाण्याआधी आमच्याकडून करून घेतलंस. गुरुवारी ती खोली रिकामी वाटते. तुझा डबा माझ्याकडंच राहिला आहे, नाताळला येशील तेव्हा करंज्या घालून देते.

परवा गडहिंग्लजच्या एका आजोबांनी नातवाकडून कॉमेंट लिहून घेतली: ती माझी थोरली बहीण, आल्टो (बायकांचा खालचा सूर) गायची. त्यांना फोन केला, नाव लिहू का म्हणून विचारलं, स्पेलिंग दोनदा ताडून घेतलं. मग साइट उघडली आणि तिसऱ्या चेहऱ्याखाली ते मी स्वतः भरलं. तुला फोन करावा लागला नाही. लिंक ग्रुपवर टाकली आहे, बघ.

तुझ्या बाई