पीयूसी मिळाले, नळी मात्र बंदच

महोदय,

थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो, ही तक्रार घेऊन कार्ब्युरेटरची जुनी मोटारसायकल गॅरेजात नेली, तर अनेक ठिकाणी त्यावर एकच इलाज होतो. एअर फिल्टरकडून इंजिनाच्या हेडकडे जाणाऱ्या रबरी नळीत छर्रा किंवा बोल्ट कोंबून ती कायमची बंद केली जाते. माझ्या गाडीवरही मला न विचारता हेच झाले. आवाज थांबतो, गिऱ्हाईक खूश होते; मूळ बिघाड तसाच राहतो आणि प्रदूषण रोखणारी एक हुशार योजना निकामी होते.

इंजिनातून धूर सलग न येता झटक्याझटक्याने बाहेर पडतो आणि दोन झटक्यांच्या मधल्या क्षणी एक्झॉस्टमधील दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली उतरतो. नेमक्या त्या वेळी या नळीच्या वाटेवरील रीड व्हॉल्व्हची (हवा एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेची) पोलादी पातळ पाती उचलली जाऊन गाळलेली हवा एक्झॉस्ट पोर्टमध्ये, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर पडण्याच्या वाटेत, ओढली जाते. दाब वाढताच पाती पुन्हा बसते, त्यामुळे धूर उलटा फिरत नाही. तिथल्या उष्णतेत न जळलेले पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड या हवेतील ऑक्सिजनमुळे जळतात व त्यांचे बऱ्याच अंशी पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होते. ना पंप, ना वीज! कॅलिफोर्नियात १९६६ च्या अनेक मोटारींना याच कामासाठी पट्ट्यावर फिरणारा पंप जोडावा लागला होता.

फटफटीचे कारण वेगळेच असते. थ्रॉटल एकदम मिटला की इंजिनातून न जळलेले पेट्रोल जास्त बाहेर पडते आणि त्याच क्षणी ताजी हवा मिळाली तर सायलेन्सरमध्ये बार उडतो. म्हणून अनेक गाड्यांत इनटेककडून आलेली एक बारीक व्हॅक्यूम नळी व्हॉल्व्हमधील पडदा ओढून हवा तेवढ्यापुरती तोडते. ही नळी उष्णतेने तडकली किंवा निसटली, की हवा तुटत नाही. सायलेन्सरचे गॅस्केट गळत असले तरी असाच आवाज येतो. दोन्ही दुरुस्त्या किरकोळ आहेत, पण त्या शोधायला पाच मिनिटे द्यावी लागतात.

पीयूसी चाचणीत हे पकडले जाईल, अशी आशा करावी तर २००० नंतरच्या आणि बीएस-४ या प्रदूषण-मानकापूर्वीच्या फोर-स्ट्रोक दुचाकींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के इतकी सैल आहे. कार्ब्युरेटरचा स्क्रू थोडा फिरवून गाडी आयडलिंगला (उभ्या जागी इंजिन चालू असताना) ‘पास’ करून घेणे फारसे अवघड नाही. पुढे रस्त्यावर गाडी प्रदूषणात सापडलीच, तर कायद्याप्रमाणे दहा हजार रुपयांपर्यंतचा दंड चालवणाऱ्याच्या माथी, छर्रा कोंबणारा नामानिराळा.

परिवहन विभागाने पीयूसी केंद्रांना सायलेन्सरमध्ये तपासणीची नळी घालण्यापूर्वी हवेची ही नळी व व्हॉल्व्ह जागेवर आणि मोकळे आहेत का, हे पाहण्याची सक्ती करावी आणि त्याची नोंद प्रमाणपत्रावर घ्यावी, ही विनंती.

– एक दुचाकीचालक, सांगली