तक्रारपेटी आहे, काळजी कुठे सांगायची?

महोदय,

एका अनुदानित महाविद्यालयाच्या ग्रंथालयात परिचर म्हणून मी २९ वर्षे काढली. देवघेवीच्या काउंटरवर बसणाऱ्याला मुलं जेवढी दिसतात, तेवढी ती वर्गात शिकवणाऱ्यांना दिसत नाहीत.

टी.वाय.चा, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाचा, एक मुलगा रोज खिडकीजवळच्या टेबलावर बसायचा. दिवाळीनंतर तो बदलला. डबा उघडायचा नाही. तासभर पुस्तकाचं एकच पान समोर. एकदा मित्राशी बोलता बोलता खुर्ची आपटून निघून गेला. परीक्षा महिन्यावर आली असताना त्याने सगळी पुस्तकं परत केली, अनामत रक्कम कधी मिळेल विचारलं आणि म्हणाला, "काका, तुम्ही मला खूप सांभाळून घेतलंत." माझ्या पोटात गोळा आला. मी तडक कार्यालयात जाऊन सांगितलं.

तिथे खुर्चीचं प्रकरण तेवढं ऐकलं गेलं. ओळखपत्र जमा, शिस्त समितीची नोटीस, वडिलांना फोन. दुसऱ्या दिवशी वडील आले आणि जिन्यापाशी सगळ्यांदेखत त्यांनी पोराच्या कानशिलात लगावली. तो परत आला नाही. जिवंत आहे, एवढं पुढे कळलं. त्याच्याशी पाच मिनिटं एकांतात कोणीच बोललं नाही, मीसुद्धा नाही, हे मला आजही सलतं.

महाविद्यालयात शिस्त समिती असते, रॅगिंगविरोधी समिती असते, तक्रारपेटी असते. पण ज्याच्याविरुद्ध तक्रार नाही, फक्त काळजी वाटते, त्याच्याबद्दल कुठे बोलायचं? प्रत्येक प्राध्यापकाने काही मुलांकडे पालकासारखं लक्ष द्यायचं, अशी पालक-प्राध्यापक योजना आहे, पण मी पाहिलेल्या तिच्या फायली महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची समिती येण्याच्या आदल्या आठवड्यात सह्या घेऊन पूर्ण व्हायच्या. निम्मे प्राध्यापक तासिका तत्त्वावर. इथला तास संपला की दुसऱ्या कॉलेजची एसटी गाठायची. मुलाजवळ बसायला त्यांना वेळ कुठून मिळणार? दोष त्यांचा नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या आकडेवारीत देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या आहेत आणि महाराष्ट्र त्यात पहिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. १०० किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक हवा. धोक्याची चिन्हं ओळखण्याचं प्रशिक्षण वर्षातून किमान दोनदा द्यायचं, आणि तेही शिक्षक व शिक्षकेतर अशा सर्वांना. 'शिक्षकेतर' हा शब्द वाचून मला भरून आलं. शिपाई, रखवालदार, मेसवाल्या मावशी, वसतिगृहाचे रेक्टर यांनाच सगळ्यात आधी कळतं. मात्र हे प्रशिक्षण झाल्याचं माझ्या ओळखीतल्या एकाही शिपायाने अजून सांगितलेलं नाही.

प्रत्येक बदललेलं वागणं स्वतःपुरतंच राहतं असं मी म्हणत नाही. एखादा मुलगा मुलीचा पाठलाग करतो, धमक्या देतो, तेव्हा 'वयच तसं आहे' म्हणून सोडणं हा गुन्हा आहे. तिथे आधी त्या मुलीची सुरक्षितता आणि लगेच पोलीस. पण गप्प झालेल्या, तासांना येईनाशा झालेल्या, अचानक चिडणाऱ्या मुलाला त्याच मापाने मोजू नये. त्याला आधी विचारावं, "तुझं काय चाललंय?" जिवाला धोका दिसत असेल तर एक क्षणही एकटं सोडू नये. एरवी घरी फोन करण्यापूर्वी तो करू का, कोणाला करू, हे त्यालाच विचारावं. ही नोंद शिस्तीच्या फायलीत जाता कामा नये.

प्राचार्यांना माझी विनंती आहे की, अशी काळजी ऐकून घेणाऱ्या एका व्यक्तीचं नाव आणि फोन नंबर फाटकापासून कँटीनपर्यंत प्रत्येकाला द्यावा. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारच्या टेलिमानस या फोन सेवेचा १४४१६ हा क्रमांक वाचनकक्षात, वसतिगृहात ठळक लावावा. आणि आमच्या तालुक्यात कुठेही कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण होणार असेल, तर काउंटरवरून काय दिसतं ते सांगायला मी स्वखर्चाने येईन.

– एक निवृत्त ग्रंथालय परिचर, जि. सातारा