जुन्या नोटिशीवर आजची तारीख

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ गेली २१ वर्षं माझं डीटीपीचं दुकान आहे. गेल्या महिन्यात एका पतसंस्थेचे वसुली लिपिक पेनड्राइव्ह घेऊन आले. मार्चमधल्या एका नोटिशीची प्रत वकिलांना हवी होती. फाइल उघडताना वर इशाऱ्याची पिवळी पट्टी आली, मी सवयीनं तिच्यावरचं 'चालू करा'चं बटण दाबलं, प्रिंट काढली. नोटिशीवर तारीख त्याच दिवसाची! लिपिक म्हणाले, "ताई, तुमच्या मशीनला भूत लागलंय."

भूत फाइलमध्ये होतं. संस्थेच्या आधीच्या ऑपरेटरनं वर्डमध्ये मॅक्रो, म्हणजे फाइलमध्येच राहून आपोआप काम करणारा छोटा प्रोग्राम, लिहून ठेवला होता. फाइल उघडली की तारखेच्या जागी आजची तारीख. नवी नोटीस करायला फार सोयीचं, जुनी काढायला घातक. ऑपरेटर केव्हाच पुण्याला गेला, मॅक्रो मात्र नोकरीवर कायम. जुन्या नोटिशीवरूनच नवी करायची रीत असल्यामुळे तो एकूण ३१२ फायलींत पोचला होता.

एकेक फाइल साफ करत बसणं शक्य नव्हतं. इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्यानं त्यासाठी कोड लिहिला. नशीब, आधी फोल्डरची नक्कल करून तिच्यावर चालवला; कारण पाच मिनिटांत ३१२ नोटिशींवर त्या रविवारची तारीख पडली होती. कोडमधून फाइल उघडली, तर वर्ड पिवळी पट्टी दाखवत नाही. वेगळं सांगितलं नसेल तर मॅक्रो सरळ चालू देतो. कोडमध्ये 'ऑटोमेशन सिक्युरिटी' या वर्डच्या सेटिंगची एक ओळ आधी घालून मॅक्रो सक्तीनं बंद केले, तेव्हा मूळ तारखा जागेवर दिसल्या. मग फाइलमध्ये मॅक्रो आहे का ते तपासायचं आणि असेल तर ती डॉक्स (.docx) या वर्डच्या साध्या प्रकारात सेव्ह करायची, एवढंच काम राहिलं. डॉक्स प्रकारात मॅक्रो राहूच शकत नाही. जुन्या डॉकमध्ये (.doc) आणि डॉकएममध्ये (.docm) राहतो. नऊ फायलींवर मात्र कुणीतरी बदललेल्या तारखेसकट सेव्ह केलं होतं. त्यांच्या तारखा जावक रजिस्टर उघडून बोटानं शोधल्या.

मॅक्रो म्हणजे पापच, असं मी म्हणत नाही. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) नेणारा माझा स्वतःचा मॅक्रो आहे. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. ती उलटापालट हातानं करून बघा, म्हणजे कळेल. पण तो मी एकाच टेम्प्लेटमध्ये ठेवते, त्याची प्रत नुसता कोड ठेवणाऱ्या वेगळ्या बास (.bas) फाइलमध्ये काढून ठेवलेली आहे आणि गिऱ्हाइकाच्या फाइलबरोबर तो कधी बाहेर जात नाही.

१९९९ साली मेलिसा नावाचा व्हायरस जगभर पसरला तो वर्डच्या मॅक्रोमधूनच. मायक्रोसॉफ्टनं २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फायलींतले मॅक्रो अडवायला सुरुवात केली. आपल्याकडे फाइल येते पेनड्राइव्हवरून, आणि 'ही इंटरनेटवरून आली' ही खूण सहसा पेनड्राइव्हवर टिकत नाही. मग उरते तीच पिवळी पट्टी आणि माझ्यासारखीचं सवयीचं बोट.

म्हणून संस्था आणि कार्यालयांना आपल्या पत्रातून विनंती आहे. कोरे नमुने वाटताना ते डॉक्समध्ये द्या. मॅक्रो लागणारच असेल तर त्यावर डिजिटल सही घ्या आणि तो काय करतो ते दोन ओळींत मराठीत लिहा. 'पट्टी आली तर चालू करा' अशी सूचना नमुन्यावर छापू नका. गेल्या वर्षी असे दोन नमुने माझ्या टेबलावर आले. आणि ऑपरेटर नोकरी सोडतो तेव्हा कपाटाच्या किल्ल्यांबरोबर त्याचे मॅक्रोही ताब्यात घ्या.

आपली,
एक डीटीपी चालक, सातारा